दुधाळ बाटली

घरात तिला सगळे फुगेवाली म्हणत. प्रयोगशाळेत ती जिवाणू पाळायची. त्यांची जनुकं तिने अशी बदलली होती की ते अंगावरून डोळ्यांना न दिसणारे फुगे सोडत. फुग्यावर रोगाची खूण, आत रोगाचा पत्ता नाही. शरीर बिचारं फसायचं आणि लढाईच्या तयारीला लागायचं. लस चहाच्या कपाइतकी स्वस्त पडणार होती, त्यामुळे बड्या कंपन्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मेंदूज्वराची साथ आली आणि चाचणी सुरू झाली. निम्म्या मुलांना लस, निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं, हे कुणालाच कळता कामा नये. कळलं की चाचणी बाद. अडचण एवढीच, की फुग्यांमुळे लस जराशी दुधाळ दिसे आणि पाणी स्वच्छ. म्हणून फुगेवालीने स्वतः प्रत्येक बाटलीला कागदी अंगरखा चिकटवला. बाटल्या बर्फात राहणार आणि बर्फ वितळतो, हे मात्र एवढ्या शिकलेल्या बाईच्या ध्यानात आलं नाही.

बहीण आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीला टिटवी म्हणत, कारण ती झोपेतही बडबडे.

"मावशी, दुखेल का?"

नर्सबाईंनी बाटली उचलली. ओला कागद घसरला. आतून नर्सबाईंचा अंगठा आरपार दिसला. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी कागद नीट वर सरकवला.

फुगेवालीने घसा खाकरला. बोलावं, तर चाचणी गेली, आणि चाचणीबरोबर लसही.

"नाही गं," ती म्हणाली. "मुंगी चावल्यासारखं."

साथ ओसरता ओसरता टिटवीला ताप चढला. जीव वाचला, कान गेले.

लस उत्तम ठरली. पाणीवाली मुलं जितकी जास्त आजारी पडली, तितका निकाल पक्का झाला. टिटवीनेही आपला वाटा उचलला. सभेत टाळ्या झाल्या, त्या फुगेवालीने हात जोडून घेतल्या.

मग नियमाप्रमाणे पाणीवाल्या मुलांना खरी लस द्यायचं ठरलं. बहीण टिटवीला घेऊन आली. फुगेवालीने बाटली उजेडात धरली. दुधाळ होती.

"आता कशाला निरखतेस?" बहीण म्हणाली. "तेव्हा निरखायचं होतंस." मग तिनेच बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. तुला तरी काय माहीत असणार."

टिटवीला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी बोलली.

"मावशी, दुखेल का?"

आणि उत्तरासाठी मावशीच्या ओठांकडे बघत राहिली.