चुना चाखण्याची जागा

ज्या वर्षी पीवेनच्या धाकट्या भावाचं, पोमातचं, लोऊ बेटावरच्या मुलीशी लग्न ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. बालुआन बेटावर तेव्हा सुपारीबरोबर खायचा चुना म्हटला की तो हिपोल आत्याचाच. ओहोटीला पोवळं गोळा करायचं, सुक्या लाकडांवर रचून भाजायचं, वर पाणी शिंपडायचं. पोवळं तडतडत फुटायचं आणि आत्या धुरातून मेलेल्या नवऱ्याला शिव्या घालायची, कारण लाकडं फोडायचं काम त्याचं होतं. तिची भाची पीवेन भुकटी चाळून द्यायची. मग आत्या हाडाची सळई त्यात बुडवून डाव्या वरच्या हिरडीला टेकवायची आणि डोळे मिटून बसायची. "झोंबला. द्या वाटून," ती म्हणायची, तेव्हा कुठे बायका चुना भरायचे आपापले पोकळ भोपळे पुढे करायच्या.

त्या जागी आत्याच्या हिरडीवर काळपट डाग होता. चुना करणारीची खूण म्हणून ती तो ओठ वर करून मिरवायची.

दवाखान्यात बुका बेटावरची सिस्टर रोसीना नवीन आली होती. आत्या तिच्याकडे खोकल्याचं औषध मागायला गेली, पीवेन सोबत होती. बोलताना तिचा डाग दिसला तशी सिस्टर म्हणाली, "तोंड उघडा, आजी."

"हिरड्या काळ्या आहेत म्हणून का? तुझ्या तर तव्यासारख्या आहेत, पोरी."

"आहेतच की." सिस्टरने हसून ओठ वर केला. "जन्मापासून अशाच, दोन्हीकडे सारख्या. तो रंग झाला. विडीने, काही गोळ्यांनीही हिरड्या काळवंडतात. पण तुमचा डाग एकाच बाजूला आहे. वाढलाय का? रक्त येतं?"

"छे."

पीवेनला सळई आठवली. वर्षापूर्वी नखाएवढा सपाट असलेला डाग आता खरखरीत झाला होता, कडेला पांढरा पडला होता. चाखल्यावर सळईचं टोक लाल निघायचं. ते सुपारीचं लाल समजून ती रोज धुऊन ठेवायची. पण आत्या पहाटे चाखायची, सुपारी खाण्याआधी.

"रक्त येतं," पीवेन म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?"

"दोन आठवड्यांत गेला नाही तर डाग दाखवायचा असतो," सिस्टर म्हणाली. "तुम्ही वर्ष घालवलंत. शुक्रवारच्या बोटीने लोरेंगावच्या इस्पितळात जा."

"आणि पोमातचं लग्न? नवरीकडच्यांना काय राख चारू?"

लग्न कधी होईल ते लग्नात द्यायची डुकरं जमण्यावर होतं, आणि डुकरं जमायला चार महिने लागणार होते. तोवर आत्याला थांबावं लागू नये म्हणून पीवेनने दुसऱ्या दिवशी एकटीने पोवळं आणलं, एकटीने भाजलं. आत्या दारात बसून प्रत्येक लाकडाला नावं ठेवत होती. भुकटी झाल्यावर पीवेनने सळई उचलली.

"हिरडीला नको लावू," आत्या एकदम म्हणाली.

पीवेनने चुना बोटांच्या बेचक्यात चोळला. जागा पेटल्यासारखी झाली. "झोंबतोय, आत्या."

"बेचक्याला काय कळतंय? बघू तो हात." लाल झालेली कातडी तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "चाळायला कंटाळलीस. पण चालेल. लोऊच्या लोकांना तेवढी अक्कल नाही."

शुक्रवारी ती बोटीत बसली. लोरेंगावहून तिला पुढे लाएच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. डाग कॅन्सरचा निघाला; तिथे तो आणि त्याच्याबरोबर जबड्याचा थोडा भाग कापून काढला. लग्न तिच्याशिवाय झालं. ती परत आली तेव्हा डावा गाल आत गेला होता आणि सुपारी बंद झाली होती. संध्याकाळी बायका चघळत गप्पा मारायच्या आणि ती नुसतं शहाळं घेऊन त्यांच्यात बसायची. भट्टीपाशी मात्र रोज यायची, पीवेनचा हात ओढून बेचकं बघायची आणि मगच म्हणायची, "द्या वाटून."

अशी सहा वर्षं गेली. मग तो आजार मानेत परतला. हिपोल आत्या १९८८च्या मे महिन्यात वारली.