एकतीस नंबरचं पोट

सूनबाईंचा शोधनिबंध छापून आला, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त हरखले ते सासरेबुवा. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस. निबंधातलं अक्षर कळत नव्हतं, तरी अंक हातात घेऊन शेजारच्या दोन घरांत मिरवून आले.

निबंध होता पोट फुगणं, जळजळ आणि मुरडा यांवर. जेवणाच्या वेळा पक्क्या केल्या, घास सावकाश चावला, तर औषधाशिवाय किती उतार पडतो, हे तिने सहा वर्षं खपून तपासलं होतं. चाळीस रुग्ण, प्रत्येकाला एक वही, आणि रोज संध्याकाळी त्या वहीत त्रासाला शून्य ते दहा गुण. रुग्ण निवडायचे दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी. तिच्यापर्यंत नावं नाहीत, फक्त नंबर यायचे. कोणी कोणाला सांभाळून घेऊ नये म्हणून ही शिस्त तिनेच घातली होती, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

सकाळच्या चहाला सासऱ्यांनी निबंधातल्या आलेखात एकतीस नंबरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा मी."

ती आधी हसली. मग कळलं, की हे खरंच आहे. फिरायला जातो सांगून ते त्या दवाखान्यात जायचे. पोटाचं जुनं दुखणं होतं, पण घरातच डॉक्टर असताना तिच्यापुढे काय रडगाणं गायचं, म्हणून परस्पर नाव घातलेलं. वर बागेतल्या बाकावरच्या दोन मित्रांनाही सोबत नेलं होतं.

एकतीस नंबरची रेघ तिला तोंडपाठ होती. बाकीच्यांच्या रेघा वाकड्यातिकड्या. ही आठावरून शून्यावर पट्टीने आखावी तशी उतरलेली. निबंधात तिने या रेघेचं खास कौतुक केलं होतं.

"बाबा, तुमचा त्रास इतका सरळ कसा उतरला?"

"दर आठवड्याला एक कमी करत गेलो," ते म्हणाले. "एकदम शून्य लिहिलं असतं तर तुला संशय आला असता."

मित्रांनाही त्यांनी बजावलं होतं, सूनबाईंचं काम आहे, हात आखडता घेऊ नका. आणि दुखणं? दुखणं होतं तिथेच होतं. पण सहा वर्षं राबलेली पोर, तिचा प्रयोग घरच्याच पोटाने कसा पाडायचा?

तिला भयंकर राग आला, आणि रागाच्या मागोमाग रडू आलं. दोन्ही गिळून ती आकडेमोडीला बसली. सासऱ्यांकडून मित्रांचे नंबर घेऊन तिन्ही वह्या वगळल्या, तेव्हा निबंधातला 'लक्षणीय' उतार 'थोडाफार' झाला. पुढच्या महिन्यात विभागप्रमुखपदाची मुलाखत होती, ती याच एका शब्दाच्या जिवावर.

सासरे दारात उभे होते. चेहरा पार उतरला होता.

"मी कोणाला सांगणार नाही," ते म्हणाले. "माझ्या पोटात राहील."

"तिथे आधीच बरंच काही राहिलंय, बाबा."

तिने संपादकांना पत्र लिहिलं. तीन वह्या विश्वासार्ह नाहीत, त्या वगळून सुधारित आकडे सोबत जोडले आहेत, ते छापावेत. घरचा माणूस त्यात होता, हेही लिहिलं. मुलाखतीचं काय व्हायचं ते तिला दिसतच होतं.

मग कपाटातून तिने प्रयोगाचीच एक कोरी वही काढली, पेन घेतलं आणि सासऱ्यांना समोर बसवलं. चाळीस अनोळखी पोटांना तिने सहा वर्षं वहीतून रोज हा प्रश्न विचारला होता.

"आज किती?"

त्यांनी आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग जरा विचार करून म्हणाले, "चार."

"माझ्याकडे बघून सांगू नका. डोळे मिटा."

त्यांनी डोळे मिटले. पोटावर हात ठेवला.

"साडेआठ," ते म्हणाले.

वहीत अर्ध्याची सोय नव्हती. तिने साडेआठच लिहिलं आणि तपासायला त्यांना पलंगावर आडवं केलं.