जास्तीचं सामान

सुचावाच्या विमानतळावर माझी बॅग काट्यावर चढली आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली, चार किलो जास्त आहे. मी म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. आदल्या संध्याकाळी गावच्या गिरणीत गव्हाच्या काट्यावर मी स्वतः बॅग ठेवून पाहिली होती, वीसच्या आतच भरली होती. आमचा गिरणीवाला गिऱ्हाइकाला फसवतो, पण मला फसवायची त्याची छाती नाही.

माझा मुलगा तोआदेर घाईघाईने पुढे झाला. जास्तीचे पैसे मी भरतो म्हणाला. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा पोरगा परदेशात, तोरिनोला राहतो, आणि सामानाचं भाडं वाचवायला तिथून तीन स्वेटर अंगावर चढवून येतो. तो आपणहून पाकीट काढतोय म्हणजे काहीतरी काळंबेरं होतंच. हिवाळ्यापुरती चल, ईस्टरला आणून सोडतो, असं म्हणून तो मला न्यायला आला होता.

मी तिथेच फरशीवर बसून बॅग उघडली. माझी मैत्रीण अगलाया मागे उभी होती. आमची लग्नं एका वर्षी झाली, नवरेही एकाच वर्षी गेले. ती निरोप द्यायला आली होती आणि सकाळपासून रडत होती. मी वाटेत तिला दटावलंही होतं, की ईस्टरला येतेच आहे, एवढं काय सुतक धरलंयस.

आलुबुखाराच्या मुरांब्याच्या बरण्यांखाली, अगदी तळाशी, पांढऱ्या कापडात बांधलेलं माझं गाठोडं होतं.

त्यात माझे मरणाचे कपडे होते. मी विणलेला सदरा, लोकरी घागरा, काळा रुमाल, कोरे बूट, मेणबत्ती. आमच्याकडे प्रत्येक म्हातारी ते तयार ठेवते, आणि जिथे मरायचं त्याच घरात ठेवते. पाहुणी म्हणून जाताना कोणी ते बरोबर नेत नाही.

"हे कोणी ठेवलं?"

तोआदेर बरण्यांकडे बघत म्हणाला, "आई, तिकडे काही झालंच तर धावपळ नको, म्हणून."

मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, माझं परतीचं तिकीट कधीचं आहे. तिने पडद्यावर पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"परतीचं तिकीट नाहीये, आजी."

पोटच्या पोराने मला फसवून न्यायचा घाट घातला होता. अंगाची लाहीलाही झाली. पण माळ्यावरच्या कणगीत गाठोडं आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. ती जागा बाई एकीलाच सांगते, जी तिला शेवटची आंघोळ घालणार असते तिला. मी मागे वळले. अगलाया खाली मान घालून उभी होती.

"तिथे डॉक्टर आहेत, गरम पाणी आहे," ती पुटपुटली. "तुझ्या भल्यासाठीच काढून दिलं गं."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू गेली नसतीस."

रांगेतले लोक कुरकुरायला लागले. त्या मुलीने मात्र शांतपणे सांगितलं, की तुम्हाला जबरदस्तीने कोणी विमानात बसवू शकत नाही, आणि तुम्ही बसला नाहीत तर तुमची बॅगही जाणार नाही, नियमच आहे तसा. तेवढं ऐकून मी बॅग बंद केली. तोआदेर हात जोडायला लागला. निदान मुरांबा तरी तुझ्या पोरांना ने, मी म्हटलं, तर तो म्हणाला, हातातल्या सामानात मुरांबा नेऊ देत नाहीत.

"मग पोरांना तसंच सांग," मी म्हटलं.

बसपाशी अगलायाने बॅगेला हात घातला. मी तो बाजूला केला. मी पुढे बसले, ती मागे. तोआदेरला मी कधीतरी माफ करीन, आईला दुसरं काय जमतं. पण आता मला शेवटची आंघोळ घालायला दुसरी कोणीतरी शोधायला हवी, आणि या वयात तशी मैत्रीण कुठून आणू?