भिंगरीचे कपडे

मॉलमध्ये चला म्हटलं की जिनेवाला कानाला हात लावायचा. मॉलचे सरकते जिने दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा, त्यावरूनच त्याला हे नाव पडलेलं. म्हणायचा, ज्याने एकदा मुदपाकखाना पाहिला तो त्या खानावळीत जेवत नाही, आणि मी तर मॉलची आतडी बाहेर काढून पुसतो. जिन्याच्या पोटात काय काय सापडतं याची यादी त्याला पाठ होती. कंगवे, किल्ल्या, एकएकट्या चपला आणि एक कवळी. कवळीचं खरं-खोटं देव जाणे, पण तो ती अशी रंगवून सांगायचा की ऐकणारा नकळत स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवून घ्यायचा.

तर वर्षातून एकदा जोडून तीन दिवस सुट्टी यायची, सगळं शहर मॉलच्या दिशेने पळायचं आणि हा आणि याची बायको उलट्या दिशेने, जुन्या कपड्यांच्या गल्लीत. बायको लाँड्रीत इस्त्रीला होती. दिवसभर हॉटेलांच्या चादरी. कापडाला बोट लावलं की ते किती धुण्यांतून निघालंय ते सांगायची. तिला कोणी फसवू शकत नव्हतं आणि हा कोणालाही फसवू शकत होता. अशी जोडी गल्लीत शिरली की दुकानदारांना घाम फुटायचा.

यंदा मात्र बायकोच्या हातात मोठी निळी पिशवी होती, आणि त्या पिशवीवरून घरात दोन दिवस धुसफूस चालली होती.

पिशवीत नऊ कपडे होते. सगळे एकाच मुलीचे. झबल्यापासून पार गुडघ्याखाली येणाऱ्या फ्रॉकपर्यंत. आणि ती मुलगी नव्हतीच. म्हणजे झाली होती, दहा वर्षांपूर्वी, पण जगली नाही. त्यानंतर वर्षभर घरात भांड्याला भांडं लागलं तरी दचकायला व्हायचं, इतकी शांतता. मग अशाच एका सुट्टीत मॉलमधल्या पोराबाळांच्या गर्दीत जायला नको म्हणून दोघं या गल्लीत शिरली. गल्लीच्या टोकाला, सगळे जिला मावशी म्हणायचे तिचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान. बाहेर दोरीवर एक पिवळं झबलं वाळत घातल्यासारखं लटकत होतं, आणि बायको त्याच्यापुढे उभी राहिली ती हलेचना. मावशीने आतून विचारलं, केवढी आहे मुलगी. आणि जिनेवाल्याच्या तोंडून, डोक्याला न विचारता, निघून गेलं की वर्षाची आहे, पण एका जागी बसेल तर शपथ, नुसती भिंगरी आहे.

बायको हसली. अगदी थोडंसं, पण हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

मग काय, गडी सुटलाच. झबलं घेतलं. पुढच्या वर्षी दोन वर्षांच्या मुलीचा फ्रॉक घेतला, त्याच्या पुढच्या वर्षी तीनच्या. भिंगरीने शेजाऱ्याच्या मांजराला टोपी घातली, भिंगरी शाळेत बाईंच्या खुर्चीखाली झोपली, भिंगरी पेरूच्या झाडावरून पडली आणि हाताला प्लास्टर. मावशी हनुवटीला हात लावून ऐकायची. तिच्या दुकानाचा नियम होता की मूल वाढलं की लहान झालेला कपडा परत आणायचा, मग पुढचा अर्ध्या किमतीत मिळायचा. सगळे आणायचे. हे दोघं कधीच नाही. पण जिनेवाल्याच्या पोतडीत कारणं काय कमी? एक फ्रॉक म्हणे पोरीने शाळेच्या नाटकात झाड व्हायचं म्हणून हिरवा रंगवला. एक नळीच्या तोंडाला बांधला, बागेला पाणी घालताना. मावशी कपाळाला हात लावायची आणि न मागता किंमत कमी करायची.

आणि आता बायको म्हणत होती की पुरे. यंदा नवीन घ्यायचं नाही. आहेत ते सगळे परत द्यायचे आणि मावशीला खरं सांगायचं.

पहिल्या दिवशी जिनेवाल्याचा गुडघा धरला. दुसऱ्या दिवशी त्याला एक अत्यंत जरुरीचा फोन येणार होता, तो संध्याकाळपर्यंत आला नाही. रात्रीची भांडी विसळताना बायको पाठमोरी उभी राहून बोलली.

"दहा वर्षांची झाली ती तुमच्या हिशोबाने. अजून आठ-दहा वर्षांनी तिचं लग्न ठरवाल, मला पाहुण्यांसाठी चहा टाकायला लावाल. माझी हरकत नव्हती हो. मला बरं वाटायचं. पण अलीकडे मी डोळे मिटते तेव्हा ती धावताना दिसते, झाडावर दिसते, आणि तोंड दिसत नाही. तुमच्या भिंगरीला सगळं आहे, फक्त तोंड नाही."

जिनेवाला फडकं घेऊन भांडी पुसायला लागला. तो भांडी पुसतोय, हीच मुळात घरातली मोठी बातमी.

तिसऱ्या दिवशी निघावं लागलं. पण सरळ हार मानेल तर तो जिनेवाला कसला. गल्लीच्या तोंडालाच तो एका दुकानात शिरला आणि बँडवाल्याचा सोनेरी फितींचा कोट घालून आरशापुढे अर्धा तास उभा राहिला. मग भिंगच नसलेल्या दुर्बिणीसाठी घासाघीस केली, आणि दुकानदार कंटाळून फुकट न्या म्हणाला तेव्हा, फुकटचं मी घेत नाही, असं सांगून बाहेर पडला. बायको पिशवी घेऊन मागे मागे. चपलांच्या दुकानात त्याने मोठ्या प्रेमाने तिच्या हातातली पिशवी घेतली, तू दमलीस म्हणाला, आणि बाकाखाली सरकवून तशीच विसरला. पंधरा पावलं गेले नसतील तोच मागून चपलावाला, अहो पाहुणे, अहो पाहुणे, करत पिशवी घेऊन धावत आला. जगात प्रामाणिक माणसं नको तिथेच भेटतात.

"झालं करून?" बायकोने विचारलं.

तो मान खाली घालून चालू लागला. कपडे गेले की भिंगरी गेली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात नऊ घड्या होत्या म्हणून ती होती. तिथे उद्या जादाच्या चादरी जाणार. मग ती आज शाळेतून काय करून आली हे कोणाला सांगायचं, आणि कशाच्या जोरावर.

मावशीने लांबूनच हात केला. ती हाडकुळी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली, आणि बोलायला तिखट. तुम्ही दोन दिवस आला नाहीत, मला वाटलं पोरीने पुन्हा काहीतरी मोडून घेतलं, असं म्हणत तिने फळीवरून एक लाल जाकीट काढलं. कोणी गिऱ्हाईक मागत होतं, पण दिलं नाही, भिंगरीसाठी वर ठेवलं होतं. खिशाला चेन आहे, म्हणजे तिचे दगडगोटे पडणार नाहीत. मग तिने विचारलं की दाताचं काय झालं. गेल्या वर्षी जिनेवाल्याने पोरीचा पुढचा दात पाडला होता, म्हणजे गोष्टीत.

जिनेवाल्याने तोंड उघडलं. सवयच ती. दात आला, पण वाकडा आला आणि आता ती त्यातून शिट्टी वाजवते, इथपर्यंत तो पोचला, तेवढ्यात बायकोने पिशवी काउंटरवर ठेवली.

मावशीला आनंदच झाला. आली म्हणजे एकदाची अक्कल, म्हणत तिने चष्मा चढवला आणि एकेक कपडा दिव्याखाली धरायला लागली. तिची पद्धत ठरलेली. आधी कॉलर उलटी करायची, मग काखेची शिवण, मग खालची घडी. पहिला पाहिला, बाजूला ठेवला. दुसरा पाहिला. तिसऱ्याला ती थांबली आणि परत पहिला उचलला. कॉलरी कोऱ्या. शिवणी घट्ट. आणि आतल्या बाजूला, तिने स्वतः पेन्सिलीने आकडा लिहिलेली चिठ्ठी, तिनेच टोचलेल्या टाचणीसकट.

तिने वर पाहिलं. झाड झालेला फ्रॉक हिरवा नव्हता.

जिनेवाला घाईघाईने म्हणाला की पोरगी फार हट्टी, अंगाला काही लावूनच घेत नाही. बायकोने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"मावशी, आम्हाला मुलगी नाही," ती म्हणाली. "झाली होती. त्याच दिवशी गेली. हे सगळं यांनी मला हसवायला केलं, आणि मी करू दिलं."

मावशी आधी चिडली. तिला वाटलं ही याचीच आणखी एक थट्टा, आणि बायकोला कशाला सामील करून घेतलंस म्हणून ती त्याच्यावर कडाडली. कशाची मस्करी करावी याला काही धरबंध आहे की नाही. मग तिने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग काउंटरवरच्या नऊ कपड्यांकडे. आणि मागच्या स्टुलावर खालीच बसली.

"अरे, ती झाडावरून पडली तेव्हा मला दोन दिवस अन्न गेलं नाही," ती म्हणाली. "रस्त्यात त्या वयाची पोर दिसली की मी बघायचे, हीच असेल का म्हणून."

आणि ती रडायला लागली. तोंडाला पदर नाही, हात नाही, चष्मा तसाच नाकावर. आपलं माणूस गेल्याची बातमी आता कळल्यासारखी. ती म्हणत होती, गेली ना रे पोर, गेली ना.

जिनेवाला हादरला. दहा वर्षांत त्या मुलीसाठी दुसरं कोणी रडलं नव्हतं. नातेवाईक म्हणाले होते की देवाची मर्जी, तरुण आहात, पुन्हा होईल. पुन्हा झालं नाही. शेजारीण म्हणाली होती की बरं झालं, लळा लागायच्या आधीच गेली. आणि इथे ही कोण कुठली बाई, हिच्याशी आपण वर्षातून एक तास खोटं बोललो, आणि ही पोरीचं नाव घेऊन रडते आहे.

"मग खरी कशी होती रे ती?" मावशीने विचारलं.

बायको हळूच म्हणाली की आम्ही पाहिलीच नाही, मावशी. मी भुलीत होते, आणि यांना दाखवायच्या आधीच नेली.

जिनेवाल्याने समोरचं लाल जाकीट उचललं, त्याची चेन उघडली, लावली, उघडली. कधीही न अडखळणारा माणूस चेनशी चाळा करत राहिला.

"मी पाहिली होती," तो म्हणाला.

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"नर्सने हातात दिली. अर्धा तास. कागद व्हायचे होते म्हणून. तू उठल्यावर विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो. मला पाहायला मिळाली आणि तुला नाही, हे तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो. नंतर सांगेन म्हटलं. मग नंतर म्हणजे कधी, तेच कळेना."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असती तरी त्याला चाललं असतं.

त्याला वाटत होतं की आता शब्द येतील, नेहमीसारखे धावत येतील. आले ते एकेक करून, ओढत. केस खूप होते, ओले. नखं वाढलेली, बोटाच्या पुढे आलेली. वजन काहीच नाही, माझ्या पान्यांची पेटी जड. हनुवटीला खळगा, तुझ्या आईच्या आहे तसा. आणि एक कान दुमडलेला होता वरून, वहीचं पान दुमडतं तसा. मी बोटाने सरळ करायचो. सोडला की परत दुमडायचा. मी परत करायचो. अर्धा तास तेच करत बसलो होतो. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

"कुठला कान?" बायकोने विचारलं.

त्याने तोंड उघडलं, तशी तिने त्याचं मनगट धरलं. इतक्या वर्षांची ओळख होती तिची, या तोंडातून काय काय निघू शकतं ते तिला ठाऊक होतं.

"माझ्याकडे बघून सांगा."

"डावा," तो म्हणाला.

बायकोच्या ओठांची हालचाल झाली, आवाज नाही. डावा. बाहेर एक बाई दोन मुलांना घेऊन दाराशी आली होती आणि दोरीवरचे कपडे चाचपत होती. मावशी उठली, तिला म्हणाली की आज बंद आहे, आणि शटर अर्ध्यापर्यंत खाली ओढलं. मग तिने आपलं स्टूल बायकोकडे सरकवलं आणि स्वतः कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसली.

बायको बसली. त्याचं मनगट तिने सोडलं नव्हतं, त्यामुळे त्यालाही तिच्यापुढे वाकून, मग खाली फरशीवरच बसावं लागलं.

"आता पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "नर्स आली तिथून. एक शब्द गाळू नका, आणि एक शब्द पदरचा घालू नका."