सहा पॉइंट तीन ग्रॅम

रबिया परकार कुवेतच्या अब्बासियातल्या एका भारतीय शाळेत अकरा वर्षं रसायनशास्त्राची लॅब असिस्टंट होती. महाडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, लग्नानंतर नवऱ्याबरोबर, झहूरबरोबर, इथे आलेली. बारावीच्या बोर्ड प्रॅक्टिकलची द्रावणं तीच करायची. ऑक्झॅलिक ॲसिड सहा पॉइंट तीन ग्रॅम, एकूण द्रावण एक लिटर. आताशा ती आकडा आठवतही नसे, काट्यावर हात आपोआप तेवढ्यावर थांबे.

या जानेवारीतही तिने तसंच केलं. जुनी बाटली संपत आलेली, म्हणून डिसेंबरात आलेली नवी फोडली.

प्रयोग सोपा होता. दहा मिलिलिटर ॲसिड फ्लास्कमध्ये घ्यायचं, गरम करायचं आणि वर लावलेल्या ब्युरेटमधून, मापाच्या काचनळीतून, जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. फिकट गुलाबी रंग टिकला की तोटी बंद करून किती मिलिलिटर लागलं ते रीडिंग लिहायचं. दहाच्या आसपास येतं, हे मुलांना सरावातून पाठ होतं.

त्या दिवशी रबिया मागे उभी होती. ब्युरेट नेहमीपेक्षा जास्त रिकामे होताहेत असं तिला वाटलं, पण मुलं घाईत तोटी सोडतात, त्यातलंच हे, असं तिने मनाशी म्हटलं. शिवाय परीक्षा चालू असताना मुलांशी बोलायची तिला मनाई होती.

तिसऱ्या टेबलाशी अक्षरा होती. वडील बँकेत, मुलगी अबोल. मोलची गणितं तिला सुरुवातीला अजिबात जमत नसत. शाळा सुटल्यावर बस येईपर्यंत ती रबियापाशी बसून ती सोडवायची. "डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे एक ठरलेली संख्या," रबियाने तिला समजावलं होतं. "कण एकेक मोजता येत नाहीत, म्हणून वजन करून मोजायचे." नोव्हेंबरात कुठे ते तिच्या डोक्यात बसलं होतं.

अक्षराचं रीडिंग आलं चौदा. तिने पुन्हा केलं. चौदा. तिसऱ्यांदाही चौदा. तिने बाहेरून आलेल्या परीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, "जे आलंय ते लिही." तिने चौदा लिहिलं. बाकीच्या तेहेतीस जणांनी नऊ पॉइंट नऊ, दहा, दहा पॉइंट एक असं लिहिलं.

मार्क त्याच दुपारी बोर्डाच्या पोर्टलवर चढले. अक्षराचे पाच गेले.

काचेचं सामान धुऊन रबिया बाटली कपाटात ठेवायला गेली, तेव्हा जुनी आणि नवी शेजारी शेजारी आल्या. नव्या लेबलावर बारीक अक्षरांत एक शब्द जास्त होता : ॲनहायड्रस, निर्जल. म्हणजे पाणी नसलेलं. जुन्या ॲसिडच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असत, म्हणून त्याचा एक मोल एकशे सव्वीस ग्रॅमचा. याचा नव्वदचाच. तितक्याच वजनात या वेळी कण कितीतरी जास्त पडले होते. ती स्टुलावर बसली आणि टिश्यूवर गणित मांडलं. उत्तर आलं चौदा. बरोबर चौदा.

बाटली आली तेव्हा तपासून रजिस्टरमध्ये सही तिनेच केली होती.

ती टिश्यू घेऊन नंदकुमार सरांकडे गेली. ते विभागप्रमुख, सोलापूरचे. त्यांनी आकडे दोनदा वाचले.

"कुणाला बोललात?"

"नाही सर. आधी तुमच्याकडेच आले."

"मग आता राहू द्या. बोर्डाला कळवलं तर पहिला प्रश्न येईल, तेहेतीस जणांना दहा आलं कसं? सगळी बॅच अडकेल. तुम्हीही, मीही."

"पण सर, खरं तिने एकटीनेच लिहिलंय."

"पाच मार्क आहेत, मॅडम. जीव गेला नाही कुणाचा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा इकामा शाळेचा आहे ना? घरी जा. आराम करा."

झहूर शुवैखला एका गॅरेजमध्ये कामाला होता. त्याच्या पगारावर बायकोला इथे राहायचा परवाना मिळत नव्हता, म्हणून रबियाचा इकामा शाळेच्या नोकरीवर होता. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "गप ऱ्हा गो."

रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, शाळा सुटल्यावर अक्षरा लॅबच्या दारात आली.

"आंटी, माझं कुठे चुकलं? मी तीनदा केलं होतं. ब्युरेटमधला मीनिस्कसपण नीट बघितला."

रबियाला खोटं बोलता आलं नाही. तिने दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. अक्षराने लेबलं वाचली, कॅल्क्युलेटर काढला आणि नव्वद धरून गणित केलं.

"मग बाकीच्यांचं दहा कसं आलं?"

"नाही आलं. लिहिलं."

"सरांना माहितीये?"

"हो."

अक्षराने कॅल्क्युलेटर पाऊचमध्ये ठेवला. चेन अडकली, ती ओढत राहिली. "बाबांना मी सांगितलं की मला जमतच नाही."

"आता त्यांना खरं सांग. माझं नाव घे."

"मग तुमचा इकामा कॅन्सल होईल ना?"

सतरा वर्षांच्या मुलीने हे इतक्या सहज विचारलं. रबिया 'होऊ दे' म्हणायला गेली, आणि दोन्ही बाटल्या उचलून कपाटात ठेवू लागली. अक्षराने दप्तर खांद्याला लावलं. मग "इट्स ओके, आंटी," म्हणाली आणि बससाठी खाली गेली. त्यानंतर ती लॅबमध्ये आली नाही.

मार्चमध्ये लेखी परीक्षा झाली. जूनमध्ये एका संध्याकाळी, बाहेर अजून भट्टीसारखं तापलेलं असताना, अब्बासियातल्या बकाल्यात, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, रबियाला अक्षराची आई, अर्चना, भेटली. ती पुण्याला निघण्यापूर्वीची खरेदी करत होती. अक्षराला तिथे कॉमर्सला घालणार होते.

"मोलची सगळी गणितं पेपरात कोरी सोडून आली हो," अर्चना म्हणाली. "मी विचारलं तर म्हणे, मला येतात, पण करावीशी वाटली नाहीत. असं कुठे असतं का? केमिस्ट्री झेपलीच नाही तिला. तुम्ही किती मेहनत घेतलीत."

रबियाच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. मागे रांगेतला माणूस पुढे सरका म्हणाला.

"हुशार आहे ती," रबिया म्हणाली.

"आता काय उपयोग," म्हणत अर्चनाने पिशव्या उचलल्या. रबियाने तिला वाट करून दिली. काचेचं दार सरकून बंद झालं, तरी रबिया तशीच उभी राहिली. शेवटी काउंटरवरच्या माणसाने तिच्या हातातली जुडी स्वतःच काढून घेतली.