पुठ्ठ्याचं गाव

बाजारात त्यांना सगळे सावलीवाले म्हणत. दुकानांपुढे कापडी छतं बसवून देणं हा त्यांचा धंदा, आणि त्या धंद्यात त्यांची एक खोड होती. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ते आधी त्याच्या दुकानाचं पुठ्ठ्याचं मॉडेल करत. मग टेबललॅम्प हातात धरून त्या मॉडेलवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवत, आणि सकाळचं ऊन कुठे पडतं, दुपारचं कुठे, संध्याकाळचं तिरपं ऊन मालावर कसं येतं, ते बघत बसत. गिऱ्हाईक जांभया देई. पण त्यांच्या कामाबद्दल कधी तक्रार आली नाही, त्यामुळे जांभया देत का होईना, लोक थांबत.

आणि ह्याच माणसाच्या बायकोला उन्हाचं वावडं होतं. गंमत वाटेल, पण त्या घरात ती गंमत कोणी करत नसे. बाई शाळेत इतिहास शिकवत. काही वर्षांपूर्वी शाळेच्या खेळांच्या दिवशी त्या मैदानावर उभ्या राहिल्या आणि अंगभर फोड उठले, ताप चढला, उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. कातडीचा आजार निघाला. थेट ऊन अंगावर घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या वेळी सावलीवाले एका चपलांच्या दुकानापुढे शिडीवर चढून छत बसवत होते. गावातल्या चपला सावलीत आणि माझी बायको उन्हात, हे त्यांच्या मनाला जे लागलं ते लागलंच. बोलून मात्र त्यांनी कधी दाखवलं नाही.

आता बाई निवृत्त झाल्या होत्या, आणि त्यांना जायचं होतं कुठे? तर समुद्रापलीकडच्या त्या देशात, जिथे बारा महिने ऊन आणि पावलोपावली प्राचीन अवशेष. तिथली देवळं, नाट्यगृहं, गावाची मोठाली न्हाणीघरं त्यांनी तीस वर्षं फळ्यावर काढून मुलांकडून घोकून घेतली होती. प्रत्यक्षात एक दगडही पाहिला नव्हता. लेकीनं सात गावं फिरवणाऱ्या एका सहलीत दोघांसाठी दोन जागा धरून ठेवल्या आणि शनिवारपर्यंत काय ते सांगा म्हणाली.

"जा की," डॉक्टर म्हणाले होते. "सावलीत राहा म्हणजे झालं."

"सावलीत राहा म्हणजे झालं!" घरी आल्यावर सावलीवाले उखडले. "ह्यांचं काय जातंय बोलायला? सावली काय खिशात घालून नेता येते?"

"छत्री नेता येते," बाई म्हणाल्या.

"छत्रीनं डोकं झाकतं. खालच्या पांढऱ्या दगडावरून ऊन उसळतं, त्याचं काय करायचं?"

बाईंनी वाद घातला नाही. हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि वर्गात बोलायच्या तशा सावकाश म्हणाल्या, "हे बघा, मी लेकीबरोबर जाणार नाही. मला तुमच्याबरोबर जायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मी रुसणार नाही, बोलूनही दाखवणार नाही. फक्त हा विषय ह्या घरात पुन्हा निघणार नाही."

सावलीवाल्यांना भांडण परवडलं असतं. हे न रुसणं परवडणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंचं त्या देशावरचं जाडजूड चित्रांचं पुस्तक काखोटीला मारलं आणि कारखान्यात नेलं. कारखाना म्हणायचं एवढंच. एक शिलाई मशीन, लोखंडी पाइपांचा ढीग, कापडाचे तागे आणि एक लांबलचक टेबल.

पुस्तकात प्रत्येक गावाची दोन चित्रं होती, समोरासमोरच्या पानांवर. डावीकडे दगडांचा पसारा, उजवीकडे तेच गाव टापटीप, भिंतींसकट, छपरांसकट. सावलीवाल्यांच्या स्वतःच्या आल्बममध्येही असंच असे. डावीकडे छत बसवण्याआधीचं दुकान, उजवीकडे बसवल्यानंतरचं. तेव्हा त्यांनी मान डोलावली, डावं पान सोडून दिलं आणि उजव्या पानावरून पट्टीनं मापं घ्यायला सुरुवात केली. कामही काय सुरेख झालंय, असं त्यांना मनातून वाटलं.

तो सगळा आठवडा त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. न्हावी आपल्या छताची चौकशी करायला आला, त्याला दारातूनच वाटेला लावला. टेबलावर पुठ्ठ्याचं एक आख्खं गाव उभं राहिलं. खांबांचे लांब व्हरांडे, बाजार, न्हाणीघर, मोठं देऊळ. लॅम्प फिरवून फिरवून त्यांचा दंड भरून आला. आणि शुक्रवारी त्यांनी बाईंना बोलावणं धाडलं.

"बस इथे. आता बघ," त्यांनी लॅम्प लावला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "सकाळी आपण ह्या व्हरांड्यातून निघायचं. ऊन डोक्यावर येईस्तोवर न्हाणीघरात शिरायचं, आत एकदम गारेगार. दुपार तिथेच काढायची. मग मागच्या दारानं थेट देवळात. तुझ्या नखालाही ऊन लागत नाही, बघ!"

बाई बघत होत्या. मग त्यांनी एका बोटानं न्हाणीघर वरून दाबून पाहिलं.

"हे काय आहे?"

"छप्पर."

"अहो, हे पडलं. दीड हजार वर्षं झाली पडून!"

"असं कसं? ह्या पानावर तर..."

"ते आधीचं. पूर्वी कसं दिसत असेल त्याचं चित्र. आत्ताचं हे, डावीकडचं."

सावलीवाल्यांनी दोन्ही पानांवर आळीपाळीनं नजर फिरवली. "म्हणजे उलटं?"

"उलटं."

"आणि इतक्या वर्षांत कोणी दुरुस्त नाही केलं?"

"दुरुस्त केलं तर बघायला कोण जाईल?" बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं. त्या पोट धरून हसल्या, मशीनचा आधार घेऊन हसल्या, पदरानं डोळे पुसून पुन्हा हसल्या. मग त्यांचं नवऱ्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं.

सावलीवाल्यांनी लॅम्प बंद केला.

"मग नाही जमायचं," ते म्हणाले. "नको. मला नाही धीर होत."

"बरं," बाई म्हणाल्या. पुस्तक उचललं आणि घरी गेल्या.

दिलेला शब्द त्यांनी तंतोतंत पाळला. जेवताना स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाबद्दल बोलल्या, शेजारणीच्या नातवाबद्दल बोलल्या. पुस्तक कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेलं. लेकीचा फोन आला तेव्हा "उद्या सांगते गं" म्हणून ठेवून दिला. भाजीत मीठही नेहमीएवढंच होतं. सावलीवाल्यांना एक घास गोड लागला नाही.

शनिवारी सकाळी बाई अंघोळीला गेल्या, तेवढ्यात ते स्टुलावर चढले, पुस्तक काढलं आणि चोरासारखे घराबाहेर पडले. कारखान्यात जाऊन त्यांनी डावीकडचं पान समोर ठेवलं आणि कात्री घेतली. आठवडाभर खपून चिकटवलेली छपरं एकेक करून उपटली. भिंती कापल्या, कुठे कमरेएवढ्या, कुठे गुडघ्याएवढ्या. खांब मोडताना तर त्यांना अगदी जिवावर आलं. मग लॅम्प लावला. गाव लख्ख उजळून निघालं, सावलीला जागाच उरली नाही.

पण हात सवयीचे होते. लॅम्प थोडा खाली आणला तशी एका पडक्या भिंतीच्या पायाशी बोटभर सावली दिसली. अजून तिरपा केला, ती वाढली. माणसाला पुरेल का? त्यांनी डब्यातून दोऱ्याची दोन रिळं काढली आणि कामाला लागले.

"माझं पुस्तक कुठे नेलंत?" दुपारी बाई दारात उभ्या होत्या, कपाळाला आठ्या घालून.

"बस," सावलीवाले मान वर न करता म्हणाले. "सात गावं नाही जमणार. एकच करायचं, तू म्हणशील ते. सहलीच्या घोळक्याबरोबरही नाही, ते तासाभरात उरकून पुढे पळतात. आपण अंगभर कपडे, छत्री, आणि सावली सरकेल तसं सरकायचं. सकाळी ह्या भिंतीला, मग हिला. भर दुपारी खोलीवर जाऊन झोपायचं. दिवसाकाठी एखादी गल्ली होईल. फार तर दीड." इथे त्यांचा आवाज उतरला. "तू आख्खा देश शिकवलास, आणि मी तुला एक गल्ली दाखवतोय."

बाई जवळ आल्या, नवऱ्याच्या हातातून लॅम्प घेतला आणि स्वतः फिरवू लागल्या. 

"हे पांढरं रीळ म्हणजे मी?"

"हो."

"आणि हे तपकिरी?"

"मी."

सावलीवाले रिळं एकेका भिंतीशी सरकवत गेले आणि पांढरं रीळ सावलीत राहतं की नाही, ते त्या बघत गेल्या. मधे एक चौक लागला. तिथे भिंतच नव्हती, खांबाचा खुंटदेखील नव्हता. तिथे सावलीवाल्यांनी तपकिरी रीळ बाईंच्या रिळाला चिकटून, उजेडाच्या बाजूला ठेवलं. त्याची सावली बरोबर पांढऱ्या रिळावर पडत होती.

"इथे तुम्ही उन्हात कशाला?"

"कोणीतरी त्या बाजूनं चालायला पाहिजेच की." सावलीवाले उगाच कात्री शोधू लागले. कात्री त्यांच्या हातातच होती. "तेवढाच एक चौक आहे. आणि मी चांगला रुंद आहे. पुरतो."

बाईंनी लॅम्प खाली ठेवला.  नवऱ्याच्या खांद्यावर पडलेला पुठ्ठ्याचा चुरा त्यांनी हातानं झटकला, पण हात लगेच काढून घेतला नाही. मग दुसऱ्या हातानं लेकीला फोन लावला.

"सहल रद्द कर," त्या म्हणाल्या.  "रडत नाहीये मी. जाणार आहोत आम्ही, पण दोघंच. एकाच गावाला. आणि हे बघ, बाकी सगळं नंतर बघू, आधी तुझ्या बाबांसाठी एक मोठ्या काठाची टोपी आण."