मागच्या सीटवरून

"या वयात मोटरसायकल?" हे मला इतक्या जणांनी विचारून झालंय की आता मी उत्तर द्यायचंच सोडलंय. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, पोटच्या पोराने तर फोनवर ओरडून विचारलं. जणू मीच नवऱ्याच्या हातात कोलीत दिलं होतं. अरे, बोलायला काय जातंय तुमचं? एकदा माझ्या जागी बसून बघा म्हणावं. माझी जागा म्हणजे मागची सीट. लग्न झाल्यापासून तीच.

आमचे हे विजेच्या कचेरीत होते. तारा तपासत मैलोन् मैल हिंडायचं काम. साहेबांनी जीप देऊ केली तर हे नको म्हणाले. पावसात भिजून यायचे, उन्हात करपून यायचे, पण गाडीवरूनच यायचे. भाजी आणायला गाडी, ब्लेड आणायला गाडी, काहीच आणायचं नसलं तरी गाडी. मी वैतागून म्हणायचे, "तिच्याशीच लग्न करायचं होतंत ना!" तर म्हणायचे, "केलंय की. तू सवत आहेस."

पहिल्यांदा मागे बसले तेव्हा भीतीने मी यांना असं कवटाळलं की यांना श्वास घेता येईना. तेव्हापासून माझं नाव घोरपड. माणसांत नाही, फक्त गाडीवर. "चिकटलीस का घोरपड?" म्हणायचं आणि किक मारायची. रागवायचे मी, पण लटकंच.

मग हा विसरण्याचा आजार आला. आधी वस्तूंची नावं गेली. चमच्याला "ते ढवळायचं" म्हणायला लागले. मग महिने गेले, वार गेले, मुलगा गेला. मुलगा सुट्टी काढून भेटायला आला तर यांनी त्याला मीटर कुठे बसवायचा ते विचारलं. आणि शेवटी मी गेले. हे भांडले असते, अंगावर धावून आले असते तरी चाललं असतं एकवेळ. पण हे सभ्यपणे वागायला लागले. मी केलेला चहा पिऊन म्हणायचे, "छान झालाय हो. तुम्ही उभ्या का? बसा ना." माझ्याच घरात! एकदा मी पडद्याची दुमड घालत शिवणाच्या मशीनवर बसले होते, तर शेजारी येऊन हळूच विचारलं, "तुमचे यजमान काय करतात?"

काय सांगू? मी म्हटलं, "मोटरसायकल चालवतात."

"अरे वा," म्हणाले. चेहरा जरा उजळल्यासारखा झाला. माझ्या तेव्हा लक्षात नाही आलं. कपाळ माझं.

नंतर एका सकाळी हे घरात सारखे येरझारा घालत होते, म्हणून मी यांना खाली गाड्यांच्या शेडमध्ये नेलं. आमची काळी गाडी कव्हरखाली होती. यांनी कव्हर ओढून काढलं. पेट्रोलचा नॉब फिरवला, चोक ओढला, आणि ज्या माणसाला सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती त्याने दुसऱ्या किकला गाडी चालू केली. वर बसले. मागे न बघता म्हणाले, "बस गं घोरपड. उशीर होतोय."

वर गॅसवर दूध होतं. पायात घरातल्या सपाता होत्या. मी बसले. दूध उतू गेलं असेल, पातेलं जळलं असेल, जळू दे मेलं. किती महिन्यांनी कोणीतरी मला "तू" म्हटलं होतं.

तुम्ही म्हणाल, हा तर वेडेपणा. असेल. पण गाडीवर ते होते हो, सगळेच्या सगळे. खड्डा दिसला की गिअर कमी, वळण आलं की अंग झुकवायचं, कुत्रं आडवं आलं की आधी त्याला शिवी आणि मग ब्रेक. मान जराशी वळवून जुन्या साहेबांच्या नकला करायचे, मला चिडवायचे, गाणी म्हणायचे. सूर पूर्वीही नव्हता, तेव्हाही नव्हता. फक्त कुठे जायचं ते कळायचं नाही. चौक आला की गोंधळायचे, गाडी डगमगायची. म्हणून मी एक खूण सुरू केली. उजव्या खांद्यावर थाप दिली की उजवीकडे, डाव्यावर दिली की डावीकडे, दोन्हींवर दिली की थांबायचं. का, कशाला, काही विचारलं नाही यांनी. इतक्या वर्षांत मागचीवर भरवसा ठेवायची सवयच लागली होती.

मग आमचं रोज ठरलेलं. उजाडलं की निघायचं, गर्दी व्हायच्या आत परतायचं. डोक्याला हेल्मेट, मी दोघांचे पट्टे लावायची. गोदामांच्या मागचा रस्ता सरळ आणि मोकळा होता, तोच धरायचा. परतायची मात्र मला भीती वाटायची. कारण शेडमध्ये गाडी स्टँडवर लागली, इंजिन बंद झालं, की हे वळून बघायचे आणि तोंडभरून हसून म्हणायचे, "अरे, बाई, तुम्ही इकडे कुठे?" रोज. म्हणून कधीकधी मी घरच्या वळणाला थापच द्यायची नाही. अजून एक फेरी.

एका सकाळी मी यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "काय हो, काय मिळतं यात? जन्मभर हेच बघतेय मी."

यांनी आधी गिअर बदलला. मग म्हणाले, "इथे नुसतं पुढचं बघायचं असतं. तेवढंच काम. बाकी डोक्यात काही राहत नाही."

"आणि मागचं?"

"मागे तू आहेस ना. मग मागे कशाला बघायचं?"

अहो, जन्मात असं कधी बोलले नव्हते. साखरपुड्यालाही नाही. मला भरून आलं आणि मी यांना थोपटलं. लाडाने, शाब्बास म्हणावं तसं. उजव्या खांद्यावर.

यांनी लगेच गाडी उजवीकडे घातली. तिथे रस्ताच नव्हता. समोरून पावाची व्हॅन येत होती. चालकाने करकचून ब्रेक दाबला, म्हणून हे मी सांगू तरी शकतेय. आम्ही रस्त्याकडेच्या चरात आडवे झालो. मला कोपरावर खरचटलं. यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. पडल्या पडल्या ते आधी माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला फार लागलं का?" इंजिन बंद पडलं होतं.

मुलगा धावत आला. हॉस्पिटलच्या जिन्यातच त्याने मला झापलं. "अक्कल गहाण टाकलीस का आई? दोघंही मेला असतात! दुसऱ्या कुणाला मारलं असतंत!" सगळं खरं होतं. मी खाली मान घालून ऐकलं, पण मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "तिथे ते मला ओळखतात. तेवढंच उरलंय माझ्याकडे. तुला काय कळायचंय?" त्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. "मला तर कुठेच ओळखत नाहीत, आई." मी त्याच्याजवळ बसले.

डॉक्टरांनी सांगितलं, आता हँडल हातात द्यायचं नाही. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. त्या व्हॅनचा पुढचा भाग माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नव्हता. परत यांच्या हातात गाडी देणं म्हणजे खून करायला निघण्यासारखं होतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

हाड जुळलं, माणूस मात्र खचत गेला. भिंतीकडे तोंड करून बसायचे. भरवलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. आता मला "बाई"ही म्हणेनात. माझ्यातून आरपार बघायचे. मी आपली मशीन चालवत राहायची, कारण घरात काहीतरी आवाज हवा. आणि असंच मशीन चालवताना एक दिवस डोक्यात आलं, यांनी चालवायची नाही, एवढंच ना? गाडीवर बसायचं नाही असं कोण म्हणालं?

गाडी दुरुस्तीला मिस्त्रीकडे पडली होती. त्याला म्हटलं, मला शिकव. तो हातातला पाना ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. "काकू, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? शिकवतोस की दुसरा बघू?"

शिकवलं त्याने. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात. पायाला शिवणाच्या मशीनची सवय, त्यामुळे पाय लवकर तयार झाला, पण क्लच काही केल्या उमजेना. गाडी सुटायची ती गचके खात, नाहीतर सुटायचीच नाही. पडले, गुडघे फोडून घेतले, पोरीबाळी बघून फिदीफिदी हसल्या. हसा. मी वयाने साठी ओलांडलेली बाई, मला कुणाची लाज? आणि खोटं कशाला बोलू, एकदा ती नीट धावली, वारा तोंडावर आला, आणि मला क्षणभर काहीच आठवलं नाही. ना औषधं, ना डायपर, ना मी. तेव्हा कळलं हे जीप का नको म्हणायचे.

परवाना मिळाला. मुलाला फोन केला. आधी यांच्या औषधांचं विचारलं त्याने. शेवटी म्हणाला, "हळू चालव."

पहिल्या दिवशी मिस्त्री मदतीला आला. आम्ही दोघांनी मिळून यांना मागे बसवलं. पाय ठेवायच्या दांड्यांवर पाय ठेवून दिले, हेल्मेटचा पट्टा मीच लावला. आता बोलतील, आता मला नावाने हाक मारतील, म्हणून मी कान टवकारून होते. किक मला जमत नाही, ती मिस्त्रीनेच मारली. निघालो.

यांनी मला धरलं नाही. मागची दांडी धरून ताठ बसले, परक्या बाईला स्पर्श होऊ नये म्हणून माणूस बसतो तसे. गोदामांचा रस्ता आला. मी वेग थोडा वाढवला. वाट बघितली. काहीच नाही. मग मीच ओरडले, "कसं वाटतंय हो?"

"छान चालवता तुम्ही," मागून आवाज आला. स्वच्छ, पूर्वीचा आवाज. किती दिवसांनी बोलले होते! "एक विनंती होती, बाई. मला घरी सोडाल का? माझी बायको वाट बघत असेल."

रस्ता पुढे पळत होता.

"तिला सांगितलं नाही मी कुठे जातोय ते," हे म्हणाले. "घाबरट आहे हो. गाडीवर माझ्याशिवाय कुणाच्या मागे बसायची नाही."

आणि मग मला समजलं. माझा चेहरा त्यांना कधीच आठवत नव्हता, गाडीवरही नाही. चालवताना त्यांनी मागे वळून बघितलंच कधी? पाठीला चिकटलेलं एक ओझं त्यांना ओळखीचं होतं. ते ओझं म्हणजे बायको. आज पाठीमागे कुणी नव्हतं. पुढे एक हेल्मेट घातलेली बाई होती, चांगली चालवणारी. मी पुढे येऊन बसले आणि त्यांची बायको गाडीवरून नाहीशी झाली.

"सोडाल ना?" त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी आर्जवाने.

"सोडते की," मी म्हणाले. "कुठे राहता?"

दोन गोदामं मागे गेली. मग म्हणाले, "ते तिला विचारायला हवं."

पुढे चौक आला. दोन्ही हात हँडलवर होते. डोळे पुसायला हात नव्हता.